डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : संग्रहणीपासून कर्करोगापर्यंत

गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील भीमावरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी एका गरीब तेलुगू कुटुंबात यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. शाळेत त्यांचे चित्त रमत नसे. लहानपणी ते एकदा घर सोडून काशीच्या वाटेला लागले. यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. आईने त्यांना परत आणून पुन्हा शाळेत बसविले. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले आणि मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून तिसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. ज्यांच्या संशोधनाचा लाभ पुढे जगभरच्या रुग्णांना झाला, त्यांच्या विद्यार्थिदशेचा आरंभ असा होता.

याच घरावर संग्रहणीने घाला घातला. उष्ण प्रदेशातील हा आजार आरंभी साध्या अतिसारासारखा भासतो. पुढे जीभ सोलवटल्यासारखी लाल होते, अन्न गिळवत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही आणि शरीर दिवसेंदिवस झिजून पांढरेफटक पडते. ताटात अन्न असूनही रुग्ण उपासमारीने क्षीण होत जातो आणि घरच्यांना ते केवळ पाहत बसावे लागते. या आजाराने सुब्बारावांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. पुढे खुद्द सुब्बारावांनाही त्याने ग्रासले. डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदीय उपचारांनी ते बचावले. आपण वाचलो आणि भाऊ गेले, परंतु दोहोंचेही कारण कोणाला सांगता आले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली.

मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना ते खादीचा वेश परिधान करीत. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही आणि सुब्बारावांच्या पदरी एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही कनिष्ठ पात्रता पडली. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविले. नंतर सासऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या साहाय्याने ते अमेरिकेत बोस्टनला गेले. तेथे पोट भरण्यासाठी एका रुग्णालयात रात्रपाळीची हलकीसलकी कामे करीत त्यांनी हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचे शिक्षण पुरे केले.

हार्वर्डमध्येच ते जीवरसायनशास्त्राकडे वळले. सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फिस्क-सुब्बाराव या नावाने ती अनेक दशके प्रयोगशाळांतून वापरली गेली. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या द्रव्यांवरील त्यांचे कामही याच काळातील आहे. १९३० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. तरीही हार्वर्डमध्ये कायमचे स्थान लाभले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि पुढे तेथील संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

आता मनातला जुना प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्याचा एक धागा मुंबईत आधीच गवसला होता. इंग्रज संशोधिका ल्युसी विल्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथील गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांच्या, पांडुरोगाचा अभ्यास आरंभिला होता. यीस्टच्या अर्काने या स्त्रियांच्या रक्ताला बळ येते, असे त्यांना आढळले. मात्र अर्कातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी आहे, हे उमगले नव्हते. ते द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल. शरीरात जेथे नव्या पेशी झपाट्याने तयार होतात, त्या अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला त्याची सर्वाधिक निकड असते. संग्रहणीत आतडे ते शोषून घेऊ शकत नाही. मग रक्तपेशी संख्येने घटतात आणि आकाराने बेढब मोठ्या होतात. सुब्बारावांच्या चमूने यकृतातून हे द्रव्य वेगळे केले आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. लवकरच डॉ. टॉम स्पाइज यांनी ते क्यूबातील संग्रहणीच्या रुग्णांना दिले. रुग्णांची भूक परतली, जीभ बरी झाली, रक्त वाढू लागले. ज्या आजारापुढे भीमावरमचे घर हतबल झाले होते, त्यावर आता हाती औषध होते.

कथा येथे संपली नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली. त्या काळी या रोगाचे निदान होणे म्हणजे काही आठवड्यांचा वा महिन्यांचा अवधी उरला असे समजणे होते. मुले सुधारली नाहीत. उलट रोगाने वेग घेतल्याचे दिसले. ज्याने रक्त वाढते, त्याने रोगट पेशीही वाढतात, हा धडा जड अंतःकरणाने घ्यावा लागला. मात्र त्यातूनच विचार उलटा फिरला : फोलिक आम्ल तोडले, तर रोगही उपाशी मरेल काय? सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्लाशी हुबेहूब मिळतीजुळती, परंतु त्याचे कार्य न करणारी द्रव्ये बनविली. कुलपात बसावी पण फिरू नये, अशी ही किल्ली होती. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिले. १० मुलांना तात्पुरता का होईना उतार पडला. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो उतार टिकला नाही, ही वेदना त्या यशाला बिलगूनच होती. तरीही औषधाने हा रोग मागे हटविता येतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर आणि संधिवातावर दिले जाते.

याच वर्षांत सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरील हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही बाहेर आले. हत्तीरोग गोदावरीकाठी सर्वांच्या परिचयाचा होता. त्यावरील औषध त्याच मातीतल्या माणसाच्या देखरेखीखाली सिद्ध झाले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. अमेरिकेला गेल्यापासून ते मायदेशी परतले नाहीत. पत्नी शेषगिरी यांनी वाट पाहण्यात आयुष्य घालविले. मानवजातीच्या पदरात पडलेल्या या दानाची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही. श्रेयासाठी पुढे न सरसावणाऱ्या सुब्बारावांचे नाव औषधांच्या वेष्टनांवर कधी आले नाही. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे तिकीट काढले.

त्यांचे खरे स्मारक मात्र घरोघरी आहे. गरोदरपणी डॉक्टर लिहून देतात, ती फोलिक आम्लाची गोळी पोटातल्या बाळाच्या पाठीचा कणा नीट घडावा म्हणून असते. देशभरातील सरकारी व अनुदानित शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. तिच्यात लोहासोबत फोलिक आम्लही असते. वर्गात रांगेने उभे राहून, पाण्याच्या घोटाबरोबर ती गोळी गिळणाऱ्या मुलांपैकी एखादे कदाचित परीक्षेत दोनदा नापासही झाले असेल. त्या मुलाकडे पाहताना पालकांनी आणि शिक्षकांनी भीमावरमच्या त्या विद्यार्थ्याचे स्मरण अवश्य ठेवावे.