आबे द लेपे : मुक्या मुलांचे गुरु, गुरूंचे आधार

धर्मग्रामाच्या या महोत्सवीं अंकासाठीं आम्हीं ज्या धर्मगुरूचें चरित्र निवडलें आहे, त्यांचें नांव संतांच्या नामावळींत नाहीं. तथापि कर्णबधिर मुलांच्या व त्यांच्या शिक्षकांच्या घरीं तें आजही आदरानें घेतलें जातें. फ्रेंच लोक धर्मगुरूस आबे म्हणतात. म्हणून ते आबे द लेपे या नांवानें प्रसिद्ध आहेत.

शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म २४ नोव्हेंबर १७१२ रोजीं फ्रान्समधील व्हर्साय येथें झाला. त्यांचा ओढा तरुणपणापासून धर्मसेवेकडे होता. परंतु जॅन्सेनवादाच्या त्या काळच्या वादांत ठराविक पत्रकावर सही करण्याचें त्यांनीं नाकारल्यामुळें दीक्षेस विलंब झाला, व मध्यंतरीं त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला. पुढें दीक्षा मिळाली, तरी वरिष्ठांची पूर्ण मर्जी त्यांना कधींच लाभली नाहीं. त्या वादाचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. एवढेंच सांगतों, कीं मोठा अधिकार हातीं न आलेल्या या धर्मगुरूस देवानें निराळें शेत नेमून दिलें होतें.

१७६० च्या सुमारास ते पॅरिसमधील एका घरीं कांहीं कामानिमित्त गेले. तेथें दोन तरुण बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. आबेंनीं त्यांना प्रश्न केला, परंतु उत्तर मिळालें नाहीं. आई आली, तेव्हां कळलें कीं दोघीही बहिऱ्या-मुक्या आहेत. व्हानें नांवाचे एक धर्मगुरु त्यांना चित्रांच्या साहाय्यानें शिकवीत असत. ते निवर्तले होते, आणि शिकवण तेथेंच थांबली होती. या मुली देवाची ओळख न होतां मरतील, या विचारानें आबेंचें मन अस्वस्थ झालें. त्यांनीं तें काम आपल्या अंगावर घेतलें.

कानानें जें आंत जात नाहीं तें डोळ्यांनीं जाऊं शकेल, हा त्यांचा साधा विचार होता. मुलांच्या खुणा ते स्वतः शिकले, व त्यांना व्याकरणाच्या खुणांची जोड दिली. भूतकाळ दाखवावयाचा तर हात खांद्यावरून मागें न्यावयाचा, अशी ती रीत होती. या रीतींत दोष होता : मूल वाक्य शुद्ध लिही, पण कित्येकदां त्याचा अर्थ त्याच्या ध्यानांत येत नसे. पुढील शतकांत शिक्षकांनीं ती कृत्रिम रीत सोडिली. मुलांच्या मूळच्या खुणा मात्र टिकल्या.

तर मग त्यांचें मोठेपण कशांत? आमच्या मतें तें शिक्षकांस दिलेल्या आधारांत आहे. त्या काळीं अशा मुलांस शिकविणारे थोडेच असत, व बहुधा आपली विद्या गुप्त ठेवीत. पॅरिसमधील याकोब परेर हे मोठे कुशल शिक्षक. परंतु त्यांनींही आपली रीत प्रगट केली नाहीं. विद्या हेंच त्यांच्या चरितार्थाचें साधन असल्यानें त्यांना बोल लावतां येत नाहीं. आबेंनीं मात्र आपली रीत १७७६ मध्यें पुस्तकरूपानें छापली व शाळेचीं दारें उघडीं ठेविलीं. जो शिकावयास येई, त्यास ते विनामूल्य शिकवीत. १७७७ मध्यें सम्राट दुसरा जोसेफ यानें ही शाळा पाहिली, व तिच्याच धर्तीवर १७७९ मध्यें व्हिएन्ना येथें शाळा निघाली. रोमहून सिल्व्हेस्त्री नांवाचे धर्मगुरु आले, व त्यांनीं १७८४ मध्यें रोम येथें शाळा उघडली. बोर्दोहून आबे सिकार आले.

म्हातारपणीं, थंडीच्या दिवसांत, मुलांच्या खर्चाचा पैसा वांचावा म्हणून ते स्वतःच्या खोलींत शेगडी पेटवीत नसत, असें सांगतात. २३ डिसेंबर १७८९ रोजीं, राज्यक्रांतीच्या धामधुमींत, त्यांनीं देह ठेविला. घरच्या पैशावर चाललेली ती शाळा बुडालीच असती. परंतु तयार झालेले शिक्षक होते. सिकार पॅरिसला येऊन प्रमुख झाले, व १७९१ मध्यें राष्ट्रसभेनें शाळेचा भार स्वीकारला. त्याच शाळेंतील लोरां क्लेर हे कर्णबधिर शिक्षक १८१६ मध्यें अमेरिकेस गेले, व १८१७ मध्यें हार्टफर्डची शाळा निघाली. एके काळचा विद्यार्थीच आतां गुरु झाला होता. आपल्या मुंबईंतही व्हिकर अपोस्टोलिक लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची शाळा स्थापन झाली.

वाचकहो, फादर व्हानें मरण पावले तेव्हां त्यांची जागा घेण्यास कोणी तयार नव्हता. आबे मरण पावले तेव्हां अनेक होते. हा फरक आम्हांस विचार करावयास लावितो. ज्या मुलांस ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, किंवा जीं सावकाश शिकतात, त्यांचे शिक्षक आपल्याही धर्मग्रामांत आहेत. आपण त्यांच्या सहनशीलतेची स्तुति करितों आणि भार मात्र त्यांच्याच खांद्यावर ठेवितों. महोत्सवाच्या वर्षीं निदान एवढें करूं या : त्यांच्यापाशीं बसून दहावीस खुणा शिकूं, म्हणजे मिस्साबलिदानाच्या वेळीं तें मूल एकटें राहणार नाहीं, त्यांच्या वर्गास एक मदतनीस देऊं, आणि आपल्या तरुणांपैकीं एकादोघांस या विद्येचें शिक्षण घेण्यासाठीं फंडांतून साहाय्य करूं. प्रभु येशू ख्रिस्तानें बहिऱ्या-मुक्या मनुष्यास गर्दींतून बाजूस नेऊन बरें केलें. तसा एकेका मुलासाठीं वेगळा वेळ काढणाऱ्या या सेवकांस प्रभूनें बळ द्यावें, आणि आम्हांस त्यांचे सोबती करावें, हीच आमची प्रार्थना.