बूट पॉलिशच्या कारखान्यात राबलेला पोरगा मोठा लेखक झाला, पण ते दिवस त्याने कायम लपवून ठेवले

'ऑलिव्हर ट्विस्ट' आणि 'डेव्हिड कॉपरफिल्ड' ही नावं तुम्ही शाळेत असताना कधीतरी ऐकली असतीलच. दोन्ही कादंबऱ्यांत एकटं पडलेलं एक पोर आहे. चार्ल्स डिकन्सला ते शोधायला लांब जावं लागलं नव्हतं.

साल १८२४. ठिकाण लंडन. चार्ल्सला नुकतीच बारा वर्षं पूर्ण झाली होती. वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते, पण मिळकतीपेक्षा खर्च मोठा. घरातल्या वस्तू गहाण पडू लागल्या आणि चार्ल्सला टेम्स नदीकाठच्या बूट पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं गेलं.

पडकी इमारत, उंदरांचा सुळसुळाट. रोज दहा तास पॉलिशच्या बरण्यांची तोंडं कागदाने बांधायची आणि लेबलं चिकटवायची. पगार, आठवड्याला सहा शिलिंग.

त्यातच काही दिवसांनी वडिलांना अटक झाली.

त्या काळी इंग्लंडमध्ये कर्ज थकलं तर थेट तुरुंगात जावं लागायचं. कुटुंबालाही सोबत राहता यायचं. आई आणि धाकटी भावंडं मार्शलसी तुरुंगात राहायला गेली. चार्ल्स मात्र बाहेर, परक्यांच्या घरी. पैसे आठवडाभर पुरावेत म्हणून तो त्यांच्या पुड्या बांधून त्यांवर वार लिहायचा. घरच्यांची भेट व्हायची ती रविवारी, तुरुंगात.

कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा एक मुलगा होता. एकदा चार्ल्सच्या कुशीत कळा येऊ लागल्या, तेव्हा बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याला शेकलं. संध्याकाळी तो घरापर्यंत सोडायलाही निघाला.

आता घर म्हणून तुरुंग कसा दाखवायचा?

चार्ल्सने एका अनोळखी घरापुढे थांबून त्याचा निरोप घेतला. बॉब मागे वळून बघेल म्हणून दारही वाजवलं. दार उघडल्यावर विचारलं, बॉब फॅगिन इथेच राहतो का?

सोबती शेजारी होता, जीव लावणारा होता. तरीही चार्ल्स एकटाच होता, कारण खरं सांगायची सोय नव्हती. पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये पोरांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने याच बॉबचं आडनाव दिलं.

साधारण तीन महिन्यांनी वडील सुटले. पुढे त्यांनीच चार्ल्सला कारखान्यातून काढून शाळेत घातलं. आईचं म्हणणं होतं, पोराने कामावर परत जावं. ही गोष्ट तो कधीच विसरला नाही.

डिकन्स जगप्रसिद्ध झाला, पण या दिवसांबद्दल तो गप्पच राहिला. सविस्तर सांगितलं ते जिवलग मित्र जॉन फॉर्स्टरला. मग १८४९-५० मध्ये आलेल्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'मध्ये त्याने पॉलिशच्या कारखान्याच्या जागी दारूचं गोदाम घातलं आणि आपलंच दुःख डेव्हिडच्या नावावर मांडलं.

१८७० मध्ये डिकन्स गेला. त्यानंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड आला, तेव्हा कुठे वाचकांना कळलं की आपण डेव्हिडसाठी हळहळत होतो, ते पोर खुद्द डिकन्सच होता.