गाडीच्या टाकीवर कोरलेले आडनाव : रुडॉल्फ डिझेल

पेट्रोल आणि रॉकेल ही पदार्थांची नावे आहेत. डिझेल हे मात्र एका माणसाचे आडनाव आहे. अमरावती-यवतमाळ मार्गावरच्या नांदगाव खंडेश्वरमध्ये एखादे कुटुंब जुनी डिझेल गाडी, तीही ऑटोमॅटिक गिअरची, घ्यायचे ठरवते तेव्हा चर्चा किंमत, ॲव्हरेज आणि रंग यांवर होते. ज्या माणसाचे नाव टाकीच्या झाकणावर असते त्याची आठवण कोणी काढत नाही. त्याच्या आयुष्यात मात्र या खरेदीला उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी आहेत: हे इंजिन कमी इंधनात का चालते, त्याच्या धुराचे काय करायचे, आणि घरच्यांपासून लपवलेला हिशेब माणसाला कुठे नेतो.

रुडॉल्फ डिझेल १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन होते. वडील बुकबाइंडिंगचे आणि चामड्याच्या वस्तूंचे काम करत. मिळकत बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे सगळ्यांचे पोट भरणे अवघड, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. त्या घरातले काका गणित शिकवत. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवत म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पोहोचला.

तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक त्याला शिकवायला होते. कृत्रिम थंडी निर्माण करणारी यंत्रे बनवणारे, आजच्या फ्रिजचे एक जनक. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला समजले की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामाला लावते, बाकीची वाया जाते. ही उधळपट्टी थांबवायची, हे त्याने विद्यार्थिदशेतच मनावर घेतले.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. तेव्हा या आजारावर प्रतिजैविके नव्हती. तो ज्या जिवाणूमुळे होतो त्याचे वर्णनसुद्धा कार्ल एबर्ट यांनी पुढच्या वर्षी, १८८० मध्ये केले. रोगी आठवडेच्या आठवडे तापाने फणफणत पडून राही आणि बरे होणे बरेचसे शुश्रूषेवर व नशिबावर असे. रुडॉल्फ वाचला, पण परीक्षा हुकली. मधल्या काळात स्वित्झर्लंडमधल्या सुल्झर कंपनीच्या कारखान्यात त्याने हाताने काम केले आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा देऊन सर्वोच्च गुण मिळवले.

पुढची दहा वर्षे तो पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या व्यवसायात होता. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झाले, पुढे तीन मुले झाली. दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःच्या इंजिनाची गणिते असा क्रम चालू राहिला. डोकेदुखीने त्याला वर्षानुवर्षे छळले. आज असा रुग्ण दवाखान्यात आला तर डॉक्टर आधी झोप, कामाचे तास आणि मनावरचा ताण यांची चौकशी करतील. त्या काळी अशा दुखण्याकडे कष्टाळू माणसाची खूण म्हणूनच पाहिले जाई.

त्याची कल्पना सायकलच्या पंपावरून समजते. पंप जोरात मारला की त्याचे टोक गरम होते, कारण दाबलेली हवा तापते. ती फार जास्त दाबली तर इतकी तापते की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. जितका जास्त दाब, तितके त्याच इंधनातून जास्त काम. डिझेल गाडीच्या ॲव्हरेजचे मूळ इथे आहे.

या कल्पनेचे पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळाले. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने जागा दिली, क्रुप कंपनीने पैसा घातला. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या चाचणीत सिलिंडरमध्ये स्फोट झाला आणि दाब मोजायचे उपकरण फुटले. इंजिन चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे दिसले. साडेतीन वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत मोजणी केली. सुमारे तीन मीटर उंचीचे ते एका सिलिंडरचे इंजिन इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामाला लावत होते. त्या काळी इतकी कार्यक्षमता दुसऱ्या कोणत्याही उष्णता-इंजिनाकडे नव्हती.

पैसा वाहू लागला. अमेरिकेतले हक्क दारूभट्टीचे मालक ॲडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. पण विकलेली इंजिने गिऱ्हाइकांकडे बंद पडू लागली, पेटंटवर खटले झाले, आणि १८९८ च्या अखेरीस डिझेलची प्रकृती पूर्ण ढासळली. त्याला म्युनिकजवळच्या मानसिक विश्रांतीच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. आता त्याला अतिश्रमाने आलेले नैराश्य म्हणता येईल, पण तेव्हा त्यावर उपचार म्हणजे विश्रांती आणि हवापालट एवढेच होते. तो बाहेर आला आणि पुन्हा त्याच जीवनक्रमात शिरला. म्युनिकमध्ये महालासारखे घर बांधले, जमिनी आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा घातला आणि तो बुडाला. कर्ज वाढत गेले. राहणी मात्र तशीच ठेवली.

याच काळात त्याच्या इंजिनाची एक गोष्ट वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जवळची वाटेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. ज्या प्रदेशात कोळसा किंवा खनिज तेल नाही, तिथल्या शेतकऱ्याला आपल्याच पिकाच्या तेलावर यंत्र चालवता यावे, हा विचार डिझेलने पुढे १९१२ मध्येही मांडला. १९१२ मध्येच डेन्मार्कचे सेलांडिया हे महासागर ओलांडणारे मोठे डिझेल जहाज निघाले. नाव जगभर झाले होते, तिजोरी मात्र रिकामी होती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन या जहाजाने इंग्लंडला निघाला. रात्री सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून खोलीकडे गेला. सकाळी खोलीत कोणी नव्हते आणि बिछाना वापरलेला नव्हता. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. वय ५५ होते. निघण्यापूर्वी त्याने पत्नीला एक बॅग देऊन ती आठवड्याने उघडायला सांगितले होते. तिच्यात दोन लाख मार्क रोख आणि बँकखाती रिकामी झाल्याचे कागद निघाले. घातपाताच्या अफवा खूप उठल्या, पण मृत्यू कसा झाला हे कधी सिद्ध झाले नाही. एवढे मात्र नक्की की घराची खरी आर्थिक स्थिती मार्थाला पती गेल्यावर कळली.

त्याच्या हयातीत हे इंजिन मोटारीत बसण्याइतके लहान झाले नाही. बॉश कंपनीचा इंधनपंप १९२७ मध्ये तयार झाला आणि मग मार्ग मोकळा झाला. १९३६ मध्ये मर्सिडीझ २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली. क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी हायड्रामॅटिक पेटी अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत आली. महाराष्ट्रात १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने हे यंत्र विहिरीच्या काठावर नेले. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले, त्याच्या जागी डिझेल इंजिनच आले.

या इंजिनाची दुसरी बाजू त्याच्या जनकाला माहीत नव्हती. डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. दमेकऱ्यांचा दमा वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून जुनी डिझेल गाडी घेताना धूर हा केवळ मेकॅनिकचा विषय राहत नाही, तो घरातल्या लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फुप्फुसांचा विषय होतो.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जावे. विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. हे इंजिन दाबाच्या उष्णतेवर पेटते, त्यामुळे दाब कमी झाला असेल, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर खराब असेल तर थंडपणीच ते उघडे पडते. सायलेन्सरमधून सतत काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर खर्च मोठा समजावा.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ती जाळी स्वतःला स्वच्छ करते ते सलग, वेगाने काही वेळ गाडी चालल्यावर. बाजार, शाळा, शेत एवढ्याच फेऱ्या असतील तर ती तुंबते. अशा कुटुंबाला पेट्रोल गाडी बरी. दर आठवड्याला अमरावतीला किंवा समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणे असेल तर डिझेल शोभते. तुंबलेली जाळी कापून काढून गाडी विकणारेही भेटतात. ती गाडी स्वस्त पडली तरी घेऊ नये, कारण वाचलेल्या पैशाच्या बदल्यात तोच धूर आपल्या अंगणात येतो. बंद पत्र्याच्या शेडमध्ये कोणतेही इंजिन चालू ठेवू नये.

ऑटोमॅटिक पेटी तपासताना ब्रेक दाबून आधी 'डी' आणि मग 'आर' लावून पाहावे. गाडी उशिराने, दणका देऊन पकड घेत असेल तर सावध व्हावे. एएमटी प्रकारात गिअर बदलताना हलका झोल स्वाभाविक असतो, टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात तो नसावा. चढावर गाडी खेचून पाहावी आणि गिअर ऑइल कधी बदलले याची नोंद मागावी. पेटीची दुरुस्ती महाग असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती होईलच असे नाही. डाव्या गुडघ्याची झीज झालेल्यांना क्लच नसल्याचा खरा आराम मिळतो. मात्र ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींसाठी उजवाच पाय वापरायचा, डावा पाय बाजूला ठेवायचा, ही सवय गर्दीत जाण्यापूर्वी मोकळ्या मैदानात करून घ्यावी.

टाकीतले डिझेल तोंडाने नळी ओढून कधीही काढू नये. घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर सूज येते. असे झाले तर उलटी करवू नये, कारण तेल पुन्हा फुप्फुसात जाऊ शकते. खोकला किंवा धाप नसली तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी आणि सर्व्हिसची नोंद पाहावी. जुने कर्ज फिटून बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, हे तपासावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिकडच्या बऱ्याच गाड्या इतर राज्यांत विक्रीला आल्या. अशी गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

सही करण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून एक कागद लिहावा: गाडीची किंमत, हप्ता, विमा, वर्षाची दुरुस्ती, आणि कापूस-सोयाबीनचे वर्ष वाईट गेले तर हप्ता कुठून द्यायचा. घरातल्या बाईला त्यातला प्रत्येक आकडा माहीत असावा. कर्जाच्या चिंतेने झोप उडाली, डोके सतत दुखू लागले, कशात मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ती लाजेची नव्हे, उपचाराची गोष्ट आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, आणि सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. १८९८ मध्ये म्युनिकच्या त्या रुग्णाला औषध नव्हते आणि मन मोकळे करायला असा क्रमांकही नव्हता. नांदगाव खंडेश्वरमधल्या माणसाला आज दोन्ही उपलब्ध आहेत.