घड्याळाचे नाव ल्यालेले धान

आरमोरी : वैनगंगेच्या काठावरचे आरमोरी हे धानाच्या मुलखातले गाव. येथून नदी ओलांडून ब्रह्मपुरीमार्गे नागभीडकडे निघाले, की पावसाळ्यात बांध्यांमधून रोवणीची लगबग दिसते. झाडीपट्टीच्या या पट्ट्यात पिकणारा एचएमटी तांदूळ नागपूर-पुण्याच्या किराणा दुकानांतही मिळतो. बारीक दाण्याचा हा भात आवडीने खाणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र तो कोणी घडवला, हे ठाऊक नसते. नाव घड्याळाचे असले, तरी तांदूळ एका तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याचा आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे हे त्या शेतकऱ्याचे नाव.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड (फकीर) हे दादाजींचे गाव. घर गरीब दलित कुटुंबाचे. परिस्थितीमुळे शाळा तिसरीतच सुटली आणि शेतीची कामे हातात आली. पुढे त्यांच्या वाट्याला उरलेली शेती जेमतेम दीड एकर. एवढ्या जमिनीत कुटुंबाचे पोट भरणेही अवघड. संशोधनासाठी वेगळा तुकडा राखण्याची चैन तर दूरच होती. तरीही पिकाकडे निरखून पाहण्याची सवय त्यांना जडली आणि तीच त्यांची विद्या ठरली.

१९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. रंगाने पिवळसर आणि दाणा बारीक. मळणीच्या ढिगात त्या सहज हरवल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात बांधीत स्वतंत्र पेरल्या. रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी भोवती काटेरी कुंपण घातले. धानाच्या फुलात बहुतांशी स्वपरागण होते, त्यामुळे वेगळे रोप वेगळे राखले आणि दरवर्षी निवड करीत गेले, तर त्याचे गुण पुढच्या पिढ्यांत स्थिर होतात. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञही हेच करतो. दादाजींनी ते कोणत्याही पुस्तकाशिवाय केले. १९८८ पर्यंत वाण हाती आला. त्याची चव, शिजल्यावरचा मऊपणा आणि उत्पादन पाहून आजूबाजूचे शेतकरी बियाणे मागू लागले.

व्यापाऱ्याकडे हे धान गेले, तेव्हा त्याला नाव नव्हते. एचएमटीच्या घड्याळांचा तो जमाना होता. मनगटावर ते घड्याळ असणे ही प्रतिष्ठा होती. त्याच लोकप्रिय नावाने नवे धान विकले जाऊ लागले आणि ते नाव कायमचे चिकटले. निर्मात्याचे नाव त्यात कोठेच नव्हते. पाहता पाहता एचएमटी छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेशापर्यंत पोहोचले.

१९९४ मध्ये सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्रात दादाजींकडील पाच किलो बियाणे नेण्यात आले. १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. मूळ बियाण्याचे शुद्धीकरण करून तो सिद्ध केल्याची विद्यापीठाची भूमिका होती. श्रेय डावलले गेल्याची खंत दादाजींना अखेरपर्यंत होती. भेसळ काढून वाण शुद्ध करणे हे शास्त्रीय काम आहे, यात वाद नाही. मात्र शेकडो लोंब्यांतून नेमकी लोंबी ओळखणारी नजर कोणाची, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

हा प्रश्न केवळ नागभीडचा नाही. अमेरिकेत फळझाडांचे नवनवे वाण घडवणारा ल्यूथर बरबँक आपल्या बटाट्याच्या वाणाचे हक्क अवघ्या दीडशे डॉलरना विकून बसला होता. वनस्पतींना पेटंट देणारा कायदा तेथे १९३० मध्ये आला, तेव्हा बरबँकला जाऊन चार वर्षे झाली होती. मिसुरीतील स्टार्क कुटुंबाच्या रोपवाटिकेने मात्र १९१४ मध्ये सफरचंदाच्या एका झाडासाठी पाच हजार डॉलर मोजले आणि गोल्डन डिलिशस हे नाव जगभर नेले. फळझाडाचे कलम करावे लागते, म्हणून रोपवाटिका उभी राहते आणि व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालतो. धानाचे तसे नाही. ओंजळभर दाणे शेजाऱ्याला दिले, की बियाणे त्याचेही झाले. दादाजींचे बियाणे असेच खळ्याखळ्यांतून पसरले आणि घरात पैसा आला नाही.

भारतात शेतकऱ्याला वाणाचा निर्माता मानणारा कायदा २००१ मध्ये झाला. एचएमटी तोवर सर्वदूर गेले होते. दादाजी मात्र थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न असे वाण त्यांनी दिले. एका वाणाला आपल्या नावाची आद्याक्षरे जोडून डीआरके म्हटले. एवढीच काय ती त्यांनी स्वतःच्या नावाची नोंद ठेवली.

सन्मान आले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण भागातील सात प्रभावी उद्योजकांत त्यांना स्थान दिले. पण ज्या माणसाला नियतकालिकाने उद्योजक म्हटले, त्याच्याकडे ना बियाण्याची कंपनी होती, ना भांडवल. अर्धांगवायूने खिळलेल्या अखेरच्या काळात उपचारांसाठीही मदतीकडे डोळे लावावे लागले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे सर्चच्या रुग्णालयात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वय ७९ होते.

ज्या घड्याळाचे नाव या धानाला मिळाले, ते बनवणारी एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तांदळाच्या पोत्यावरचे नाव मात्र टिकून आहे. त्या पोत्यावर दादाजी खोब्रागडे ही अक्षरेही असायला हवी होती. ती नाहीत. निदान ताटात तो भात वाढताना तरी त्यांची आठवण व्हावी.