भिंगे घासणारा तत्त्वज्ञ : बरूक स्पिनोझा

आज ज्यास आपण आधुनिक जीवन म्हणतो त्याचे मूळ शोधू लागल्यास सतराव्या शतकातील ॲमस्टरडॅम नगरापाशी थांबावे लागते. भागभांडवलाच्या कंपन्या, शेअरबाजार, विमा, न पाहिलेल्या मालाचे सौदे हे सारे तेथे भरास आले होते. १६३७ साली तर ट्यूलिपच्या कंदांवर सट्टा खेळून पुष्कळांनी हात पोळून घेतले. अशा या धनमत्त नगरात २४ नोव्हेंबर १६३२ रोजी एका यहुदी व्यापाऱ्याच्या घरी बरूक स्पिनोझाचा जन्म झाला.

त्याचा पिता मिगेल हा मूळचा पोर्तुगालचा. इन्क्विझिशनच्या भयाने तेथील अनेक यहुदी कुटुंबे देशोधडीस लागली होती. १५६० मध्ये याच पोर्तुगीज संस्थेचे न्यायासन गोव्यात मांडले गेले. ज्यांची कुलदैवते त्या शतकात नदी ओलांडून अंत्रुज महालात नेण्यात आली, त्या कुळांतील वाचकांस परागंदा समाजाची मनःस्थिती वेगळी सांगावयास नको. असा समाज आपल्या आचारविचारांस फार जपतो, आणि घरातीलच कोणी प्रश्न विचारू लागला म्हणजे त्यास अधिकच भय वाटते. पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

माता बालपणीच निवर्तली. १६५४ मध्ये पिताही गेला आणि फळफळावळीच्या व्यापाराचा भार बरूक व त्याचा भाऊ गाब्रिएल यांजवर पडला. मालमत्तेपेक्षा देणेच अधिक होते. स्पिनोझा व्यवहारशून्य होता असे मानण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. पंचवीस वर्षे पूर्ण नसल्याने कायद्याने आपण अज्ञान आहोत, या आधारावर मार्च १६५६ मध्ये त्याने पित्याच्या कर्जातून स्वतःची सुटका करून घेतली. याच सुमारास तो फ्रान्सिस्कस फान डेन एंडेन या शिक्षकाकडे लॅटिन शिकू लागला होता आणि देकार्तच्या विचारांशी त्याचा परिचय झाला होता.

२७ जुलै १६५६ रोजी सभागृहात पोर्तुगीज भाषेतील बहिष्कारपत्र वाचण्यात आले. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. अपराध कोणता, याचा उलगडा पत्रात नाही. दुष्ट मते व आचरण एवढाच मोघम उल्लेख आहे. तेव्हा त्याचे वय तेवीस होते. २०१५ साली ॲमस्टरडॅम येथे विद्वानांची परिषद भरून या बहिष्काराचा फेरविचार झाला. तथापि तो उठविण्यात आला नाही.

व्यापार सुटला, आप्त सुटले. त्याने उपजीविकेसाठी काचेची भिंगे घासण्याचा धंदा पत्करला. क्रिस्तियान हायगेन्ससारखा शास्त्रज्ञही त्याच्या भिंगांची वाखाणणी करीत असे. १६६१ पासून रेन्सबर्ग, नंतर फोरबर्ग आणि शेवटी हेग, असा त्याचा मुक्काम लहान भाड्याच्या खोल्यांतून हलत राहिला.

बुद्धीच्या शुद्धीविषयीच्या त्याच्या अपुऱ्या प्रबंधात त्याने आपल्या असमाधानाची हकीकत सांगितली आहे. धन, कीर्ती आणि इंद्रियसुख यांच्या मागे लोक धावतात, आपणही धावलो. सुख ओसरले की खिन्नता येते. धन आणि मान मिळाले की हाव वाढते, न मिळाले तर मन पोळते. आणि मानासाठी तर दुसऱ्यांच्या मतानुसार जगावे लागते. मग ज्याची प्राप्ती अक्षय आनंद देईल असे काही आहे काय, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर ‘एथिक्स’ या पाच भागांच्या ग्रंथात आहे. भूमितीप्रमाणे व्याख्या, गृहीते व सिद्धांत अशी त्याची मांडणी असल्याने तो वाचणे कष्टाचे आहे. ईश्वर व निसर्ग एकच. त्याबाहेर काही नाही. मनुष्याचे रागलोभही निसर्गनियमांनीच चालतात. आणि एखादा विकार स्पष्टपणे जाणला की त्याचे आपल्यावरील दास्य सरते. हे वाचून आपल्याकडील वाचकास अद्वैताची आठवण होते खरी, परंतु स्पिनोझाचे जग मिथ्या नव्हे. ते ईश्वराइतकेच सत्य आहे.

हा विवेक किती टिकाव धरतो याची कसोटी १६७२ साली लागली. फ्रेंच सैन्य देशात शिरले असता क्षुब्ध जमावाने २० ऑगस्ट रोजी हेगमध्येच यान डे विट व त्याचा भाऊ कॉर्नेलिस यांची निर्घृण हत्या केली. यान हा विचारस्वातंत्र्यास अनुकूल असा मुत्सद्दी होता. ही वार्ता ऐकून स्पिनोझाचा संयम सुटला. खुन्यांचा धिक्कार करणारा फलक त्या जागी लावण्यास तो रात्री निघाला होता. घरमालकाने दार लावून घेतले म्हणून तो वाचला. लायब्निझने ही गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकून टिपून ठेवली आहे. या एका रात्रीमुळे स्पिनोझा आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

दुसऱ्याच वर्षी हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी त्यास निमंत्रण आले. चिंतनाचे स्वातंत्र्य मिळेल, मात्र प्रस्थापित धर्मास त्याने धक्का लावू नये, अशी अपेक्षा होती. त्या स्वातंत्र्याची मर्यादा कोण ठरविणार हे न कळल्याने काही आठवड्यांच्या विचारानंतर त्याने नम्र नकार कळविला. तो सावधगिरीने वागे. १६७० चा धर्म व राजकारणावरील ग्रंथ त्याने निनावी व खोट्या प्रकाशनस्थळासह छापला होता, तरी १६७४ मध्ये त्यावर बंदी आलीच. त्याच्या बुद्धिवादासही सीमा होती. लोकसत्तेवर लिहिताना त्याने स्त्रियांना राज्यकारभारातून वगळले, आणि त्याच ठिकाणी त्याचा शेवटचा ग्रंथ अपुरा राहिला.

त्याची छाती आधीपासून क्षीण होती. काचेच्या भुकटीने त्यात भर घातली असावी. २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, रविवारी, घरची मंडळी प्रार्थनामंदिरात गेली असता, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्याच्या इच्छेनुसार घरमालकाने हस्तलिखितांनी भरलेले त्याचे लिहिण्याचे मेज ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाकडे रवाना केले. त्याच वर्षाअखेर ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर पूर्ण नाव नव्हते, केवळ तीन आद्याक्षरे होती. पुढच्या वर्षी हॉलंडच्या सरकारने त्यावरही बंदी घातली.