विष्णु माधव घाटगे : पहिल्या भारतीय विमानाचे शिल्पकार

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाणारी वसाहत. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणाऱ्या इथल्या तरुणांपैकी काहींना गेल्या काही वर्षांत एक नवा छंद जडला आहे. शुक्रवारी रात्रीची बस धरायची, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मंगळुरू गाठायचे आणि सकाळी मुल्की किंवा ससिहित्लूच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटांवर स्वार व्हायचे. मुल्कीला २००४ साली सर्फिंग क्लब सुरू झाला आणि २०१६ साली ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा भरली. त्यानंतर या खेळाची ओळख वाढली.

फळीच्या बुडाशी, मागच्या टोकाला, माशाच्या परासारखी छोटी पाती बसवलेली असतात. त्यांना फिन म्हणतात. हे पाते नसेल तर फळी लाटेवर आडवी घसरते, ती वळवता येत नाही. पाते प्लॅस्टिकचे आहे की काचतंतूंचे, भरीव आहे की मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्याचे, यावर फळीची चाल बदलते. आकार तोच राहिला तरी नरम पाते वेगवान वळणावर वाकते आणि जोर वाया जातो. फार ताठ पाते नवशिक्याला झेपत नाही. पाण्यातल्या या पात्याचे आणि विमानाच्या शेपटीवरील उभ्या पात्याचे शास्त्र एकच आहे. हे शास्त्र जर्मनीतील गॉटिंगेन येथे मुळातून शिकून बेंगळुरूत आणणाऱ्या आणि त्यातून देशाचे पहिले विमान घडवणाऱ्या अभियंत्याचा जन्म मात्र समुद्रापासून दूर, कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला होता.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळील हसूरचंपू या गावी झाला. हा सगळा प्रदेश कर्नाटकाच्या सीमेलगतचा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानावर पडणारा. पुढे आयुष्यातील कर्तृत्वाचा काळ बेंगळुरूत घालवणाऱ्या माणसाला हा शेजार उपयोगीच पडला असणार. शालेय शिक्षण गावाकडे झाल्यावर पुण्याचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी त्यांची वाटचाल झाली. तिथून ते जर्मनीला गेले.

गॉटिंगेन विद्यापीठात त्या वेळी लुडविग प्रांट्ल यांचा दबदबा होता. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया प्रांट्ल यांनी घातला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. वाहत्या हवेचा किंवा पाण्याचा पृष्ठभागाला चिकटून राहणारा पातळ थर सगळ्या घर्षणाचे मूळ असतो, ही सीमास्तराची कल्पना त्यांनी १९०४ साली मांडली. पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे का तयार होतात आणि त्या भोवऱ्यांची किंमत विमानाला रोधाच्या रूपाने कशी मोजावी लागते, याचे गणित त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्ण केले. घाटगे यांनी १९३६ साली प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. हिटलरची राजवट सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि याच विद्यापीठातील अनेक नामवंत गणितज्ञ व शास्त्रज्ञ ज्यू असल्यामुळे घालवून दिले गेले होते. अशा वातावरणात एका परदेशी विद्यार्थ्याने आपले काम पुरे केले.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १९३५ साली, टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूने एका टाकून दिलेल्या मोटारबोटीचे धातूचे पाते काढून हवाईच्या समुद्रात आपल्या फळीखाली बसवले. सर्फिंगच्या फळीला बसवलेले ते पहिले फिन मानले जाते. प्रांट्ल यांच्या गणिताची गरज ब्लेक यांना भासली नाही. परंतु पुढे याच पात्यांच्या लांबी-रुंदीचा विचार होऊ लागला, तेव्हा तो याच गणिताच्या आधारे झाला. लांब आणि अरुंद पात्याच्या टोकाशी भोवऱ्यांमुळे होणारा तोटा कमी असतो. मात्र पाते जितके लांब, तितका त्याच्या मुळाशी ताण अधिक. तो ताण सोसायचा तर साहित्य हलके आणि ताठ हवे. शास्त्र आणि साहित्य यांची ही ओढाताण पाण्यात आहे, तशीच हवेतही आहे. घाटगे यांच्या पुढील आयुष्याचा मोठा भाग तिच्यातच गेला.

भारतात परतल्यावर त्यांच्यासमोर एक अडचण होती. शिकलेले शास्त्र वापरायला देशात विमानाचा कारखानाच नव्हता. ती उणीव भरून काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. जोडणी आपली होती, आराखडा परका होता. घाटगे या कंपनीत आरंभकाळातच दाखल झाले आणि त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. जी-१ नावाचे ते ग्लायडर एकच बांधले गेले, पण या कारखान्यातील स्वतंत्र भारतीय आराखड्याची सुरुवात त्यानेच झाली.

युद्धकाळात कारखान्याचा ताबा आधी सरकारकडे आणि १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाकडे गेला. विमानांची दुरुस्ती हेच मुख्य काम राहिले. दरम्यान डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुखपद घाटगे यांच्याकडे आले. कारखाना आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी त्यांचा वावर असल्याने पुढे लागणारी माणसे तयार होऊ लागली. या कामाची नोंद सहसा घेतली जात नाही. पण आराखडा करणारा एकटा माणूस विमान बनवू शकत नाही. ताणाचे हिशेब करणारे, पत्रा वाकवणारे, रिव्हेट ठोकणारे आणि प्रत्येक सांधा तपासणारे शेकडो हात लागतात.

युद्धाने आणखी एक धडा दिला. ब्रिटिश हवाई दलाचे मॉस्किटो हे लाकडाचे अतिशय वेगवान विमान युरोपात गाजले होते. मात्र १९४४ च्या अखेरीस भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या विमानांचे पंख हवेतच तुटल्याचे प्रकार घडले आणि त्यांची उड्डाणे थांबवावी लागली. बांधणीतील दोष, सरसाचे जोड आणि इथली उष्ण-दमट हवा यांची चर्चा तेव्हा बरीच झाली. लाकूड आणि कापड यांवर मान्सूनच्या देशात किती विसंबायचे, हा प्रश्न त्यानंतर कोणत्याही अभियंत्याला टाळता येण्यासारखा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर भारतीय वैमानिक टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानावर शिकत होते. दोन मजली पंखांचे हे विमान लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांनी बनलेले होते. त्याची जागा घेण्यासाठी १९४८ साली घाटगे यांच्या नेतृत्वाखाली नव्या प्रशिक्षण विमानाचे काम सुरू झाले. त्याला नाव मिळाले एचटी-२, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. हे विमान एकमजली पंखाचे आणि संपूर्ण धातूचे करायचे ठरले.

हा निर्णय सोपा नव्हता. कापडाच्या पंखात सगळा भार आतला सांगाडा पेलतो आणि कापड केवळ आकार देते. धातूच्या पंखात बाहेरचा पत्राही भार पेलतो, विशेषतः पंखाला पडणारा पीळ. त्यामुळे पंख ताठ राहतो, बाहेरून आधाराच्या तारा व खांब लागत नाहीत आणि त्यांचा रोधही वाचतो. परंतु पत्रा पातळ असेल तर दाबाखाली त्याला सुरकुत्या पडतात, जाड करावा तर वजन वाढते. वजन वाढले की लहान इंजिन पुरे पडत नाही. आपल्याकडे इंजिन तयार होत नव्हते, ते ब्रिटनमधून येणार होते. म्हणजे आराखड्यात प्रत्येक किलोचा हिशेब ठेवणे भाग होते. फिन बनवणारे कारागीर आज हाच हिशेब वेगळ्या साहित्यात मांडतात. भरीव पाते दुप्पट जाड केले तर त्याचा ताठपणा साधारण आठपट होतो, पण वजनही वाढते. म्हणून गाभा हलका ठेवून ताकद बाहेरच्या कवचात घालायची. विमानाच्या पंखाने हे आधी शिकले, फळीच्या पात्याने नंतर.

एचटी-२ चे पहिले उड्डाण ५ ऑगस्ट १९५१ रोजी बेंगळुरूत झाले. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते केले. भारतात आराखडा होऊन भारतात बांधले गेलेले हे पहिले इंजिनाचे विमान होते. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर इंजिन होते, तर फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्याला १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर. उत्पादनासाठी हेच इंजिन निवडले गेले. पंखांची रुंदी पावणेअकरा मीटरच्या आसपास, भरलेले वजन सुमारे एक हजार किलो आणि कमाल वेग ताशी दोनशे किलोमीटरहून थोडा अधिक. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण विद्यार्थी वैमानिकाच्या विमानाला वेगापेक्षा दुसरे गुण अधिक लागतात. शिकाऊ हात चुकणार, विमान गिरकीत जाणार आणि त्यातून ते सुखरूप बाहेर आले पाहिजे. हे काम शेपटीच्या उभ्या पात्याचे आणि त्याला जोडलेल्या सुकाणूचे. चूक झाली तर किंमत वैमानिकाच्या प्राणाची होती. एचटी-२ ची सुमारे १७० विमाने तयार झाली, बारा विमाने घानाच्या हवाई दलाला दिली गेली आणि भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी या विमानावर उड्डाणाचे पहिले धडे गिरवले.

यानंतर घाटगे यांनी उचललेले पाऊल त्यांच्या स्वभावावर अधिक प्रकाश टाकते. फ्लाइंग क्लबांसाठी दोन आसनी पुष्पक विमान करायचे ठरले, तेव्हा संपूर्ण धातूचा आग्रह त्यांच्या चमूने धरला नाही. पुष्पकला धातूचा सांगाडा आणि वर कापडाचे आवरण होते. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते प्रथम उडाले. लहान गावातल्या क्लबात पत्र्याचे काम जाणणारा कारागीर मिळेलच असे नाही. फाटलेले कापड मात्र शिवता येते, चिकटवता येते. इंजिनही ९० अश्वशक्तीचेच होते. धातूचे विमान करून दाखवलेल्या माणसाने पुन्हा कापडाकडे वळणे ही माघार मुळीच नव्हती. साहित्य जुने की नवे, यापेक्षा ते कुणाच्या हाती जाणार आहे, हे त्यांनी आधी पाहिले. पुष्पकाच्याच धर्तीवर थोडे मोठे कृषक विमान १९५९ मध्ये तयार झाले आणि ते लष्कराच्या टेहळणीसाठी वापरले गेले.

याच काळात जर्मनीचे प्रसिद्ध विमान अभियंते कुर्ट टांक बेंगळुरूत आले. त्यांच्या नेतृत्वाखाली एचएफ-२४ मरुत हे जेट लढाऊ विमान साकारले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याआधी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून हवेत तपासण्यात आले होते. टांक यांच्या नावाचा गाजावाजा झाला आणि तो रास्तही होता. पण त्यांना बेंगळुरूत जो कारखाना, जे कारागीर आणि जे तरुण अभियंते मिळाले, ते एचटी-२ वर तयार झालेले होते, याचा विसर अनेकदा पडतो.

घाटगे यांच्या चमूचे मोठे काम अजून व्हायचे होते. प्रशिक्षणासाठी जेट विमान हवे होते. त्यातून किरण विमान तयार झाले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. शिक्षक आणि विद्यार्थी यांची आसने शेजारी शेजारी ठेवण्यात आली होती. पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, कंपनीचे रूपांतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडमध्ये झाले. १९६५ साली भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले. किरणची सुधारित आवृत्ती पुढे हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने १९९६ ते २०११ या काळात कसरतींसाठी वापरली आणि देशभरातील लाखो प्रेक्षकांनी ती आकाशात पाहिली. तिच्यामागे गडहिंग्लजकडचा एक माणूस होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे यांचे निधन झाले. भारतीय वैमानिकी सोसायटीतर्फे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. सोसायटीच्या बेंगळुरू शाखेच्या सभागृहालाही त्यांचे नाव आहे. किरणचे पहिले उड्डाण करणारे आणि १९७० साली मरुतच्या अपघातात प्राण गमावलेले सुरंजन दास यांचे नाव ज्या रस्त्याला दिले आहे, त्याच रस्त्यावर हे सभागृह उभे आहे.