खंडाळ्याची नृत्यशाळा

छत्रपती संभाजीनगरच्या उशाशी असलेल्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या क्रमांकाच्या गुंफेत, एक नर्तिका शतकानुशतके नाचते आहे. भोवती सहा स्त्रिया साथीला बसल्या आहेत. नृत्याला थेट गाभाऱ्यात जागा देणाऱ्या या मुलखात पुढे असे दिवस आले, की चांगल्या घरची मुलगी नाचते म्हटल्यावर घरच्यांच्या माना खाली जात. ही लाज घालवायला ज्या झटल्या, त्यांत मॅडम मेनकांचे नाव आधी घ्यावे लागेल.

त्या मूळच्या लीला रॉय. 1899 साली पूर्व बंगालात बारिसालला जन्मल्या. वडील बॅरिस्टर, आई इंग्रज. लंडनला शिकताना हाती व्हायोलिन आले. नाच आला नाही. लष्करातले डॉक्टर साहिबसिंग सोखी यांच्याशी विवाह झाला. हे सोखी पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. थोर रशियन नर्तिका ॲना पाव्हलोवा यांनी लीलाबाईंना नृत्याकडे वळवले. मग सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज अशा गुरूंकडे त्यांनी कथकची तालीम घेतली. पंचविशीच्या सुमारास घुंगरू बांधणे सोपे नव्हे! त्यातून साहेबाच्या बायकोने नाव घेतले ते अप्सरेचे. लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनी केला असेलच, पण त्यापायी पाऊल मागे घेतले नाही.

1936 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या मंडळीने बक्षिसे मिळवली. युरोपभर गावोगाव प्रयोग झाले. एवढ्या कीर्तीवर कोणीही सुखाने बसले असते. मेनकांनी मात्र खंडाळ्याला 'नृत्यालयम्' ही निवासी शाळा काढली. कथक, कथकली आणि मणिपुरी एकाच छपराखाली, त्या त्या परंपरेच्या गुरूंकडून शिकवायचे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. मणिपुरीसाठी बिपिन सिंह होते.

त्यांच्या शिष्यांत दमयंती जोशी ही मुंबईची मराठी मुलगी होती. मेनकांचे स्वतःचे मूल गेले होते. त्यांना ही पोर दत्तक हवी होती. आई वत्सलाबाईंनी लेक दिली नाही. पण दारही लावून घेतले नाही. दोघींनी मिळून तिला वाढवायचे ठरले. त्या काळी एका मराठी आईने हे मान्य करावे, याचे मोल युरोपातल्या बक्षिसांहून आम्हाला कमी वाटत नाही.

30 मे 1947 रोजी मेनका गेल्या. वय अवघे सत्तेचाळीस. खंडाळ्याची शाळा टिकली नाही. आज संभाजीनगरात 'महागामी' गुरुकुलात मुली कथक आणि ओडिसी शिकतात. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात. वाढीव! गणित-शास्त्राच्या पंगतीत बसायला नृत्याला अजून पाट मिळालेला नाही.

दमयंतीबाईंना 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1970 साली पद्मश्री.